पिशवी रिकामी झाली की

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पोस्टमन सोळा नंबरच्या पायरीवर बसले आणि त्यांना उठता येईना.

ते कामावर नव्हते. आठ महिने रजेवर होते. खांद्याला पिशवी नव्हती, अंगावर गणवेश नव्हता, आणि इस्पितळातल्या फिजिओबाईंनी त्यांना फक्त सहा मिनिटं चालायला सांगितलं होतं. तीन जायची, तीन यायची. त्यांचं घर सात नंबरला. तीन मिनिटांत माणूस रमतगमत अकरा नंबरपर्यंत जातो आणि वळतो. पोस्टमन वळले नाहीत. ते आधी उलटे मागे गेले आणि एक नंबरपासून सुरुवात केली, कारण त्यांची बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला रस्ता, एक नंबरपासून सुरू व्हायची. प्रत्येक दाराशी थांबले. न थांबता दार ओलांडायची त्यांच्या पायांना सवयच नव्हती. सोळा दारांना चाळीस मिनिटं लागली आणि तिथे पाय संपले.

सोळा नंबरला लाँड्री. लाँड्रीवाल्याने कपड्यांच्या ढकलगाडीवरचे गठ्ठे एका बाजूला सारले, पोस्टमनना बसवलं आणि सात नंबरच्या दाराशी आणून सोडलं.

"काकू, टपाल परत आलंय," त्याने हाक मारली. "पत्ता बरोबर आहे का बघा आणि सही करा."

काकू म्हणजे पोस्टमनची बायको. गल्ली तिला काकू म्हणते. रस्त्याकडच्या खिडकीत तिचं शिलाई मशीन आहे. पडदे, उशांचे अभ्रे, विजारींच्या दुमडी हा तिचा धंदा. लाँड्रीवाल्याच्या विनोदावर काकू हसल्या नाहीत. नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्यांना आत नेलं.

"सहा मिनिटं सांगितली होती ना हो?"

"बीट अर्ध्यावर टाकून कसा येऊ?" पोस्टमन म्हणाले. एवढ्या वाक्यालाही त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं.

मानेतली गाठ निघाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. सलाइनमधून औषधाच्या सहा फेऱ्या झाल्या, मग वीस दिवस किरणं. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहे. तो स्वच्छ होताच, पण माणूसही धुऊन निघाला होता. अठ्ठावीस वर्षं बीट करून आलेला थकवा काकूंना ठाऊक होता. तो रात्रीच्या झोपेबरोबर जायचा. हा नवा थकवा सकाळी डोळे उघडायच्या आधीच उशाशी येऊन बसलेला असायचा. दाढी करून झाली की पोस्टमन पुन्हा आडवे होत.

त्यांची थोरली बहीण आक्का औषधं सुरू झाली तेव्हा मदतीला आली ती राहिलीच. आक्काचं वैद्यक एका शब्दाचं होतं: पड. पाण्याचा पेलाही ती त्याला उचलू देत नसे. मंगळवारच्या प्रकारानंतर तिने भावाच्या चपला आपल्या पलंगाखाली ठेवल्या.

"बघ आता कसा जातोस ते. अरे, विहीर आटली की उपसायची नसते, थांबायचं असतं!"

थांबायला वेळ नव्हता. कार्यालयाचं पत्र आलं होतं. दहा आठवड्यांनी, गुरुवारी, कार्यालयाच्या डॉक्टरांसमोर चाचणी. सहा किलोची पिशवी घेऊन अर्धा तास चालायचं, मग तीन मजले चढून उतरायचं. जमलं तर बीट परत. नाही जमलं तर कायमचं वर्गवारीच्या खोलीत, स्टुलावर बसून खणांत पत्रं टाकायची.

"मग वाईट काय त्यात?" आक्का म्हणाली. "पंख्याखाली बसायचं. लोक नवस करतात अशा कामासाठी."

काकूंना मात्र कळलं. दोनशे बारा दारं या माणसाला तोंडपाठ होती. कुठल्या दाराची कडी अडते, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, कोणाला पत्र हातात द्यायचं आणि कोणाला वाचून दाखवायचं. हे सगळं घेऊन तो स्टुलावर बसला असता, तर आतून कुजला असता.

गुरुवारी दोघं फिजिओबाईंकडे गेली. बाई तिशीच्या, केस आखूड, टेबलावर रबरी पट्ट्यांचं भेंडोळं. त्यांनी मंगळवारचा सगळा हिशोब शांतपणे ऐकला.

"चांगल्या दिवशी तुम्ही काय करता?"

"साठलेली कामं उरकतो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी ती मला उरकतात."

बाई हसल्या. "तेच बंद करायचंय. चांगला दिवस असला तरी सहाच मिनिटं. वाईट असला तर दोन, पण अगदी शून्य नको. पडून राहून हा थकवा जात नाही, उलट मुरतो. तब्येत साथ देईल तसं दर तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसलं तर थांबायचं. घरी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, भिंतीला धरून दहा वेळा टाचा उचलायच्या."

"ते सगळं करीन," पोस्टमन म्हणाले. "पण चालायला लागलो की मधूनच वळता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत बीट अर्धी टाकून आलो नाही."

"बीट संपली हे तुम्हाला कसं कळतं?"

"कसं म्हणजे? पिशवी रिकामी झाली की."

फिजिओबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी ते पाहणं घरापर्यंत सांभाळून आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी उरलेल्या पडद्याच्या जाड कापडाची एक पिशवी शिवली. मूळ पिशवीसारखीच, फक्त निम्म्या आकाराची. पट्टा रुंद, म्हणजे खांद्यात रुतणार नाही. आत तीन पाकिटं टाकली. नऊ नंबर, दहा नंबर, अकरा नंबर. आक्का स्वयंपाकघरात आहे असं पाहून पलंगाखालून चपला काढल्या आणि पिशवी पोस्टमनच्या हातात दिली.

पोस्टमननी पाकिटं काढली, उलटसुलट केली.

"तिकीट नाही."

"घरचं आहे."

"घरचं असो नाही तर राजाचं. बिनतिकिटाचं टपाल मी नेत नाही."

काकूंनी पेन घेतलं आणि तिन्ही पाकिटांच्या कोपऱ्यात लिहिलं: हस्ते.

पोस्टमननी वाचलं, मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली. "हस्तेला हरकत नाही," म्हणाले आणि निघाले.

काकू खिडकीत उभ्या राहिल्या. नऊ. दहा. अकरा. अकराच्या दारात पोस्टमननी पिशवीत हात घातला, चाचपलं, पिशवी उलटी करून झटकली. आणि वळले. सात मिनिटांत दारात होते. चेहरा राखेसारखा नव्हता. फक्त दमलेल्या माणसासारखा होता, आणि त्या चेहऱ्याची काकूंना जुनी ओळख होती.

"बीट झाली," ते म्हणाले.

पाकिटात काय होतं ते गल्लीला संध्याकाळपर्यंत कळलं. तिन्हींत एकच मजकूर. "पोस्टमनना बसा म्हणू नका. चहा विचारू नका. तब्येत तर मुळीच विचारू नका. पत्र घ्या आणि दार लावा." दहा नंबरच्या वहिनींनी तो इतका मनावर घेतला की दुसऱ्या खेपेला पत्र घेऊन त्यांनी पोस्टमनच्या नाकासमोर धाडकन दार लावलं. पोस्टमन रस्ताभर हसत आले. हसतानाही त्यांना चालता येत होतं, ही नोंद काकूंनी मनात केली.

मग ते रोजचं झालं. पाकिटं किती आणि शेवटचं कोणाचं, हे काकू सकाळी ठरवत. त्यासाठी त्यांनी घड्याळ वापरलं नाही, नाडी पाहिली नाही. पोस्टमन बुटाची नाडी कशी बांधतात ते पाहायच्या. (चपलांवर चालायचं नाही, असं फिजिओबाईंनी दुसऱ्या भेटीत बजावलं होतं.) उभ्याने वाकून बांधली तर आदल्या दिवसाइतकी पाकिटं. बसून बांधली तर एक कमी. एक पाय बांधून दुसऱ्याआधी थांबले तर एकच पाकीट, नऊ नंबरचं. असे दिवस बरेच आले. एकदा सलग चार. पण पिशवी एकदाही खुंटीवर राहिली नाही. ताप आलेल्या माणसासारखं तोंड करून पोस्टमन नऊ नंबरपर्यंत जात, एक पत्र देत, येऊन पडत. काकू लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली बाई. नवऱ्याचं कौतुक वाटणं ही गोष्ट त्यांनी केव्हाच गुंडाळून फळीवर ठेवली होती. ती त्या चार दिवसांत खाली काढावी लागली.

घरातला व्यायामही धंद्यासारखा चालला. पाणी उकळेपर्यंत भिंत धरून टाचा. रबरी पट्टी तुटली तेव्हा काकूंनी विजारींच्या इलॅस्टिकची तीनपदरी पट्टी शिवून दिली. ती दोन्ही हातांनी ताणत पोस्टमन मशीनसमोर बसत. खुर्चीतून उठबस चालू झाली की आक्का देवाचं नाव घेई.

"शाळेत केली असतीस एवढी उठबस, तर मोठा साहेब झाला असतास."

"शाळेत केली होती, आक्का. म्हणून तर पोस्टमन झालो."

महिन्याभरात गल्लीने उत्तरं लिहायला सुरुवात केली. आता पोस्टमन परत आले की पिशवीत दोन-तीन चिठ्ठ्या असत, पण त्या काकूंच्या, म्हणजे घरच्याच वाटेवरच्या. त्यांचा त्रास नव्हता. सातव्या आठवड्यात ते एकवीस मिनिटं चालत होते. पिशवीत काकूंनी कापडाच्या चिंध्या भरायला सुरुवात केली होती आणि वजन तीन किलोवर आलं होतं. शेवटचं पाकीट असायचं तेवीस नंबरचं, घड्याळजीचं.

तिथेच घात झाला.

घड्याळजी भला माणूस. त्याने आपलं पत्र घेतलं आणि एक छोटं खोकं पोस्टमनच्या हातात ठेवलं. "एक्केचाळीसच्या बाईंचं घड्याळ. दुरुस्त होऊन आठ दिवस पडलंय. तुमच्या वाटेवरच आहे."

एक्केचाळीस नंबरला गणिताच्या निवृत्त बाई राहतात. वाटेवरच, पण चौसष्ट पायऱ्या चढून. पोस्टमननी खोकं पाहिलं. त्यावर पत्ता होता. हातात आलेली पत्त्याची वस्तू त्यांनी जन्मात कोणाला परत केली नव्हती. शिवाय दिवस चांगला होता. सकाळी नाडी उभ्याने बांधली होती.

ते परतले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि ओठ पांढरे होते. तो दिवस, पुढचा दिवस आणि त्याच्या पुढचा, ते उठले नाहीत. पिशवी खुंटीवर राहिली.

आक्काने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने भांडी घासली. "मी बोलले की मी वाईट. आता घाला पत्रं! घाला पाकिटं!"

काकू आधी तेवीस नंबरला गेल्या. "घड्याळं दुरुस्त करता आणि वेळ कळत नाही होय हो तुम्हाला?" एवढं बोलून आल्या. घड्याळजीने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

मग एक्केचाळीसहून चिठ्ठी आली, लाँड्रीवाल्याच्या हाती. अक्षर फळ्यावरच्यासारखं. "घड्याळ पावलं. पोस्टमन विसाव्या, चौतिसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या आणि छप्पन्नाव्या पायरीवर थांबले. मी खिडकीतून मोजलं. छप्पन्नाव्या पायरीवर सर्वांत जास्त. मी खाली यायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. क्षमस्व."

काकूंनी ती पलंगाशी बसून वाचून दाखवली.

"विसाव्या पायरीलाच कळलं होतं," पोस्टमन छताकडे बघत म्हणाले. "बोलून पाहिलं. आवाज फुटेना. उतरायला हवं होतं. पण वर दार दिसत होतं."

"टपाल कधी परत आणतच नाही का तुम्ही लोक?"

"आणतो की. दार बंद असलं तर. पाकिटावर शेरा मारायचा, 'दार बंद', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं."

"त्यात कमीपणा नाही?"

"कमीपणा कसला? नियम आहे."

"मग पाय बंद असले तर?"

पोस्टमननी कूस बदलली. "तो नियम दारांना आहे. पोस्टमनला नाही."

चौथ्या दिवशी काकूंनी पिशवीतल्या चिंध्या काढल्या आणि एक पाकीट टाकलं. नऊ नंबर. चाचणीला अठरा दिवस उरले होते.

त्यानंतरचा आठवडा कोणालाच आवडला नाही. सहा मिनिटं, सात, पुन्हा सहा. फिजिओबाई फोनवर म्हणाल्या, चूक काही नाही, असं होतं, चढ पुन्हा चढायचा, पण पहिल्यापेक्षा लवकर चढाल. आक्काने कार्यालयातल्या स्टुलासाठी गादी शिवावी असं सुचवलं. कापड काकूंकडे होतंच, असंही म्हणाली. काकूंनी गादी शिवली नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी, पिशवीत चार पाकिटं होती. शेवटचं एकोणीस नंबरचं. काकू विजारीची दुमड घालत होत्या, म्हणून त्यांनी पोस्टमनना परत येताना पाहिलं नाही. एकदम दारात दिसले. चेहरा ठीक होता. वेळ मात्र लवकरची होती.

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून मशीनवर ठेवलं.

एकोणीस नंबरचं. बंदच. पाठीमागे पेन्सिलीने, कार्यालयात लिहितात तसा, तिरका शेरा होता: "सतरापाशी बोलता येईना. आज परत. उद्या पुन्हा." खाली सही आणि तारीख.

काकूंचं मशीन थांबलं. चौसष्ट पायऱ्या चढून गेलेला माणूस त्यांना माहीत होता. तो हट्ट होता आणि हट्ट या घराला नवा नव्हता. सतरा नंबरपासून दोन दारं समोर दिसत असताना वळलेला माणूस त्या पहिल्यांदा पाहत होत्या. अठ्ठावीस वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट त्याने रस्त्यात एकट्याने, कोणी पाहत नसताना केली होती आणि वर सही ठोकून दिली होती.

"शेरा बरोबर आहे का?" पोस्टमननी विचारलं.

"अगदी नियमात आहे," काकू म्हणाल्या. मग दोरा तुटलाय असं म्हणून त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा तुटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एकोणीस नंबरला पत्र पोचलं. त्यानंतर आणखी दोन पाकिटं शेरा घेऊन परत आली आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी पोचली. चालणं वाढलं. चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंतचा आकडा पंचवीस मिनिटं, साडेचार किलो. अर्धा तास आणि सहा किलो एकदाही झालं नव्हतं. काकूंनी होऊ दिलं नव्हतं.

"एकदा करून बघायला काय हरकत होती?" गुरुवारी सकाळी निघताना पोस्टमन म्हणाले.

"आज बघा. आजच कामाचं आहे."

आक्काने बूट पुसून दारात ठेवले होते. तिने भावाच्या कॉलरवरचं न दिसणारं काहीतरी झटकलं. पोस्टमननी बुटाची नाडी उभ्याने बांधली.

चाचणी कार्यालयाच्या मागच्या अंगणात झाली. दहा वाजता सुरू. पिशवी कार्यालयाची, वजन करून दिलेली. काकूंना आतल्या बाकावर बसवलं होतं. खिडकीतून अंगणाचा एक कोपरा दिसत होता. दर फेरीला पोस्टमन त्या कोपऱ्यात येत आणि दिसेनासे होत. ते काहीतरी पुटपुटत होते. चौथ्या फेरीला काकूंना ओठांवरून कळलं. दारं म्हणत होते. एक नंबर, कडी अडते. दोन नंबर, हातात द्यायचं. बोलता येतंय की नाही ते असं तपासत होते. अर्ध्या तासात ते सदुसष्टाव्या दारापर्यंत पोचले, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

मग जिना. पायऱ्यांवरचा आवाज काकूंना बाकावर ऐकू येत होता. पहिला मजला. दुसरा. दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा काकूंनी पाहिला नसता तर बरं झालं असतं. चाळीस सेकंद. मग आवाज पुन्हा सुरू झाला, वर गेला, आणि न थांबता तीन मजले खाली आला.

डॉक्टर वयस्क होते, चष्मा कपाळावर. त्यांनी नाडी मोजली, रक्तदाब घेतला आणि विचारलं, "दुसऱ्या मजल्यावर का थांबलात?"

"बोलता येईना," पोस्टमन म्हणाले. "यायला लागल्यावर निघालो."

डॉक्टर कागदावर लिहायला लागले. काकूंच्या मते त्यांनी फार वेळ लिहिलं. 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहायला एवढा वेळ लागत नाही.

"निकाल टपालाने कळवू," ते म्हणाले.

याला आता अकरा दिवस झाले.

पोस्टमनच्या जागी तात्पुरती नेमलेली मुलगी रोज सव्वाअकराच्या सुमारास सात नंबरला येते. तिला सगळं माहीत आहे. पोस्टमनना बीट परत मिळाली तर तिला दुसरीकडे जावं लागेल, हेही तिला माहीत आहे. तरी परवा ती काकूंना म्हणाली, "काकू, तुमचं पत्र पिशवीत दिसलं ना, की सगळं सोडून आधी इथे धावत येते."

आतून पोस्टमननी ऐकलं. "अजिबात नाही," ते ओरडले. "आधी एक ते सहा. आपण सातवे."

आज सोमवार. मुलगी अकरा वाजून दहा मिनिटांनी येऊन गेली. विजेचं बिल होतं, पत्र नव्हतं. साडेअकराला पोस्टमन पिशवी घेऊन निघाले. वजन पाच किलो, पाकिटं पाच, शेवटचं एक्केचाळीस नंबरचं. सव्वाबाराला परत आले. पिशवीत एक पाकीट होतं, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीचा शेरा: "अठ्ठेचाळिसाव्या पायरीवरून परत. उद्या पुन्हा."